मुंबई हायच्या समुद्राचा हिशेब कोण ठेवतो?

प्रति,
माननीय केंद्रीय पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू मंत्री,
नवी दिल्ली.

महोदय,


एक रुपयाच्या नोटेच्या मागच्या बाजूला समुद्रात उभ्या असलेल्या एका रिगचे चित्र आहे. ती ‘सागर सम्राट’. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखाली तेल असल्याचा पुरावा तिनेच हाती दिला. मे १९७६ पासून ते तेल वर येऊ लागले. अरब देशांनी तेलाच्या नाड्या आवळल्यावर आपली जी त्रेधा उडाली होती, तिच्यातून बाहेर पडायला या मुंबई हाय तेलक्षेत्राने मोठा हात दिला. हे नाकारण्याचा करंटेपणा कोणी करू नये. कोळ्यांच्या बोटी डिझेलवर चालतात आणि त्यांनी आणलेली मासळीही डिझेलवर चालणाऱ्या टेम्पोतूनच बाजारात जाते. तेव्हा ‘तेल काढणे आजच बंद करा’ असे सांगायला हे पत्र लिहिलेले नाही.

लिहिण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या पन्नास वर्षांत तेलाचा हिशेब पिंपापिंपाने ठेवला गेला. आपले मंत्रालय दर महिन्याला उत्पादनाचे आकडे प्रसिद्ध करते आणि लक्ष्य चुकले तर त्याची कारणेही देते. त्या तेलाच्या बदल्यात समुद्रात काय सोडले, तळावर काय साचले, कोणती मासळी कुठून हटली, याचा हिशेब मात्र असा चव्हाट्यावर येत नाही. पर्यावरण मंजुरीच्या अटींखाली अहवाल पाठवले जातात, पण ते इंग्रजीत आणि फायलीला जोडण्यासाठी लिहिलेले असतात. सातपाटीच्या नाखव्याने ते वाचावेत अशी कोणाची अपेक्षाच नसते. म्हणूनच हे पत्र मी मराठीत लिहितो आहे.

समुद्रातले तेल म्हटले की डोळ्यांसमोर येते ती गळती. आपल्याकडे गळत्या झाल्याच आहेत. मे १९९३ मध्ये मुंबई हायची पाइपलाइन फुटून हजारो टन तेल समुद्रात गेले. जानेवारी २०११ मध्ये मुंबई–उरण वाहिनीतून तेल गळले. सप्टेंबर २०२३ मध्ये उरणच्या प्रकल्पातले तेल नाल्यावाटे पिरवाडीच्या किनाऱ्यावर उतरले. २६ जुलै २००५ च्या प्रलयाच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई पाण्याखाली असताना, एक मदतनौका आदळून मुंबई हाय उत्तर प्लॅटफॉर्म पेटला आणि २२ जणांचा बळी गेला. अशा घटनांचे फोटो छापून येतात, चौकशी समित्या बसतात. पण रोजचा, परवानगीने होणारा उत्सर्ग कॅमेऱ्यात येत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे.

विहीर खोदताना पात्याला थंड ठेवण्यासाठी आणि खालचा दाब रोखण्यासाठी एक जड चिखल सतत आत सोडतात. त्याला वजन यावे म्हणून त्यात बॅराइट नावाचे खनिज आणि इतर रसायने घालतात. हा चिखल खडकाचा भुगा घेऊन वर येतो. चाळणीवर तो वेगळा केला जातो, चिखल पुन्हा वापरला जातो आणि पाण्याच्या आधाराने बनवलेल्या चिखलातला भुगा समुद्रात सोडायला आपले नियम मुभा देतात. अटी आहेत. बॅराइटमध्ये पारा किलोमागे एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, कॅडमियम तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. अटी चांगल्याच आहेत. पण भुगा तळावर बसतो तेव्हा तिथल्या गाळात राहणारे किडे, शिंपले, छोटे खेकडे त्याखाली गाडले जातात आणि तळाशी चरणाऱ्या मासळीचे अन्न तेच असते.

उत्तर समुद्रात नॉर्वेने हे फार आधी अनुभवले. तिथे तेलयुक्त चिखलाचा भुगा टाकला जात असे. शास्त्रज्ञांनी प्लॅटफॉर्मभोवतीचा गाळ तपासला, तेव्हा काही ठिकाणी प्रदूषणाचा प्रभाव दोन ते सहा किलोमीटरपर्यंत पसरलेला आढळला. नॉर्वेने १९९३ पासून असा भुगा टाकण्यावर बंदी घातली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही बंदी आली ती कुठल्या अपघातामुळे नव्हे. ठरावीक वर्षांनी गाळ उपसून पाहायचा, त्यातले जीव मोजायचे आणि निकाल जाहीर करायचा, ही शिस्त त्यांच्याकडे होती, म्हणून आली. आजही तिथे प्रत्येक क्षेत्राचा गाळ दर तीन वर्षांनी तपासला जातो.

दुसरा रोजचा उत्सर्ग पाण्याचा. तेलाबरोबर खडकातले पाणीही वर येते आणि क्षेत्र जुने होत जाते तसे तेल कमी, पाणी जास्त असे प्रमाण होते. मुंबई हाय आता जुने क्षेत्र आहे. हे पाणी शुद्ध करून सोडण्याची आपली मर्यादा अशी आहे: ९५ टक्के नमुन्यांत तेल लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये आणि १०० च्या वर तर कधीच नाही. ईशान्य अटलांटिकमधल्या देशांनी हीच मर्यादा ३० वर ठेवली आहे. ४० मिलिग्रॅम ऐकायला किरकोळ वाटते. पण साधा गुणाकार करा. या मर्यादेत काटेकोर राहून एक कोटी लिटर पाणी सोडले, तर त्याबरोबर ४०० किलो तेल समुद्रात जाते आणि एकही नियम मोडलेला नसतो. शिवाय हे मोजमाप मुख्यतः तेलाच्या थेंबांचे. फिनॉल, बेंझिनच्या जातीची द्रव्ये यांसारखे पाण्यात विरघळलेले घटक त्यात पुरते पकडले जात नाहीत, आणि अंड्यांना व पिलांना त्रास देण्यात हेच घटक पुढे असतात.

हा त्रास म्हणजे नेमके काय, ते मेक्सिकोच्या आखातात दिसले. २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर स्फोट झाला, ११ कामगार मेले आणि ती रिग खोदत असलेली मकोंडो विहीर ८७ दिवस वाहत राहिली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी त्या तेलातल्या घटकांत ट्यूना माशांचे भ्रूण ठेवून पाहिले. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतक्या अत्यल्प प्रमाणातही त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले, हृदयाची घडण वाकडी झाली. असे पिलू लगेच मरतेच असे नाही. ते अशक्त पोहते आणि कोणाचा तरी घास होते. प्रयोगशाळेतले हे प्रमाण आणि आपल्या नियमातले ४० मिलिग्रॅम यांची सरळ तुलना करता येत नाही, कारण सोडलेले पाणी समुद्रात मिसळून पातळ होते. पण किती पातळ होते, कुठपर्यंत जाते आणि त्या वाटेवर कोणाची अंडी तरंगत असतात, हे आपल्या समुद्रात मोजून सांगितल्याशिवाय ‘काही होत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आता आवाजाबद्दल. तेल शोधायला जहाज निघते तेव्हा ते मागे कित्येक किलोमीटर लांबीच्या केबली ओढत जाते आणि दाबलेल्या हवेच्या बंदुकांचे बार दर काही सेकंदांनी पाण्यात काढते. खडकांवरून परतलेल्या ध्वनीतून तळाखालचा नकाशा तयार होतो. हे काम रात्रंदिवस, कित्येक आठवडे चालते. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि फार दूरवर पोचतो. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये बॅरंट्स समुद्रात सर्वेक्षणाच्या आधी, चालू असताना आणि नंतर मासेमारी करून पाहिली. कॉड आणि हॅडॉक यांची पकड सरासरी निम्म्याने घटली. १८ सागरी मैलांवरही घट दिसली आणि बार थांबल्यावर पाच दिवसांतही पकड पूर्ववत झाली नाही. २०१७ मध्ये टास्मानियाजवळच्या प्रयोगात एकाच हवाई बंदुकीमुळे मेलेल्या प्राणिप्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या जीवांचे, प्रमाण दुप्पट-तिप्पट झाले आणि हा परिणाम मोजमापाच्या शेवटच्या टोकापर्यंत, म्हणजे १.२ किलोमीटरवरही आढळला. क्रिलची पिले तर सगळीच मेली.

हे आकडे परदेशातले आहेत, पण आपल्या ताटापर्यंत त्यांचा धागा पोचतो. क्रिलसारखाच दिसणारा इवलासा जीव आपल्याकडे जवळा म्हणून ओळखला जातो. बोंबील मोठ्या प्रमाणात जवळ्यावर जगतो. पापलेटची पिलेही प्लवकांवरच वाढतात, आणि पापलेटला महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून घोषित केले आहे. वर्सोव्याला पहाटे बोटीतून उतरलेल्या टोपलीत हात घालून पाहा: वर चकचकीत बोंबील, खाली कोलीम आणि करंदी, मधेच एखादे तळहाताएवढे पापलेट. कोळीण ते पिलू बाजूला काढते आणि म्हणते, ‘आता हेच उरलंय.’ पिले कमी का झाली याचे उत्तर एका ओळीत देता येणार नाही. पर्ससीन आहेत, एलईडी दिवे आहेत, बारीक आसाची जाळी आहेत, मुंबईचे सांडपाणी आहे. पण या यादीत हवाई बंदुकांचा वाटा किती, हे आपल्या समुद्रात कोणी बार काढण्याआधी आणि नंतर जाळे टाकून दाखवले, तर वाद निम्म्याने मिटेल.

मासेमारांची तक्रार याहून सरळ आहे. आकाश निवळते आणि समुद्र शांत होतो तोच सर्वेक्षणाचा हंगाम आणि तोच मासेमारीचा. जहाज येते, रस्ता मोकळा करा म्हणून सांगितले जाते. वाहती जाळी केबलीत अडकून तुटतात. पालघर, वसई, मुंबईच्या मच्छीमार संघटना अनेक वर्षे भरपाई मागत आहेत. ‘पावसाळी बंदीत सर्वेक्षण करा’ अशीही मागणी होते. पण १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ मुळात विणीसाठी राखलेला, आणि तेव्हा समुद्रही खवळलेला. म्हणजे सोपी तारीख कॅलेंडरात नाहीच. ती मासेमार, मत्स्यशास्त्रज्ञ आणि कंपनी यांनी एकत्र बसूनच काढावी लागेल.

या समुद्रात आवाजाला जपणारे आणखी एक कुटुंब आहे. अरबी समुद्रातले कुबड असलेले देवमासे इतर महासागरांतल्या भाईबंदांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत. बाराही महिने ते इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. २०१७ मध्ये तिथे उपग्रह-खूण लावलेली लुबान नावाची मादी समुद्र पार करून गोव्याच्या दिशेने आली आणि दक्षिणेकडे गेली. त्यांचे गाणे ज्या खर्जात चालते, त्याच पट्टीत बंदुकांचा आवाज असतो. मात्र किनाऱ्याला लागणाऱ्या प्रत्येक मेलेल्या देवमाशाचे खापर तेलावर फोडणे चूक आहे. २०१५ मध्ये रेवदंड्याला आणि २०१६ मध्ये जुहूला देवमासे लागले, तेव्हा तर्कांना ऊत आला होता. कारण शवविच्छेदनाने ठरते, तर्काने नाही.

किनाऱ्यावर येणारी तेलाची पावती म्हणजे डांबराचे गोळे. जून-जुलैत जुहूपासून गोव्यापर्यंत कुठेही वाळूवर चाला. वाटाण्यापासून लिंबाएवढे काळे, मऊ गोळे, वरून वाळू लागलेली. पायाला चिकटले की रॉकेलने घासावे लागते. जाळ्याच्या आसाला लागले तर तेवढा भाग कापूनच टाकावा लागतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या गोळ्यांचे रासायनिक ठसे तपासले. काही गोळे टँकर धुतल्यावर उरणाऱ्या तेलाशी जुळले, तर काही मुंबई हायच्या तेलाशी. म्हणजे दोषी शोधण्याचे शास्त्र आपल्याच देशात, आपल्याच सरकारी संस्थेत आहे. ठसा जुळल्यावर दंड कोणी भरायचा, हे ठरवणारी यंत्रणा मात्र दिसत नाही.

न्यायाची बाजूही मांडली पाहिजे. प्लॅटफॉर्मचे पाय हे मासळीचे घर होतात. त्यांच्यावर शिंपले आणि प्रवाळ चढतात, भोवती थवे जमतात, आणि ५०० मीटरच्या सुरक्षा पट्ट्यात मासेमारीला मनाई असल्याने त्यांना आसराही मिळतो. याच कारणाने बोटी त्या पट्ट्याजवळ जातात आणि हटकल्या जातात. पण तिथे मासळी जमते म्हणजे ती तिथे निरोगी आहे, असे सिद्ध होत नाही. पायाजवळचे मासे कापून त्यांच्या यकृतात काय साचले आहे, हे तपासणे काही अवघड शास्त्र नाही.

महोदय, आता मुद्द्याचे. गेल्या काही वर्षांत आपल्या सरकारने समुद्र मोठ्या प्रमाणावर खुला केला. पूर्वी निषिद्ध असलेले सुमारे १० लाख चौरस किलोमीटर क्षेत्र आता शोधासाठी मोकळे आहे. जानेवारी २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने तेल-वायूच्या शोध-विहिरींना ‘अ’ वर्गातून काढून ‘ब-२’ मध्ये टाकले. ‘ब-२’ म्हणजे पर्यावरणीय परिणामांचा अहवाल नको आणि जनसुनावणीही नको. ज्या टप्प्यात बंदुकांनी छाननी झालेल्या समुद्रात पहिले भोक पाडले जाते, त्याच टप्प्यात विचारपूस बंद झाली. आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायचे घटते उत्पादन सावरण्यासाठी बीपी या कंपनीची दहा वर्षांकरिता तांत्रिक सहकारी म्हणून निवड झाली. मकोंडो विहीर बीपीचीच होती.

याचा अर्थ तोच अपघात इथे होईल असा काढू नये. तिथे पाण्याची खोली दीड हजार मीटर होती, इथे सुमारे ७५ मीटर आहे. धडा दुसरा आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीत बीपीला २० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मान्य करावी लागली, आणि त्यातले ८.८ अब्जांपर्यंत केवळ निसर्गाच्या हानीसाठी होते. डॉल्फिन, कासवे, कालवे यांची भरपाई मोजता आली, कारण ती आधी किती होती आणि नंतर किती राहिली याच्या नोंदी होत्या. उलट उदाहरण तिमोर समुद्राचे. ऑगस्ट २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतली मोंटारा विहीर फुटून ७४ दिवस वाहिली. इंडोनेशियातल्या समुद्रशैवाल पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना आपले पीक त्याच तेलाने मेले, हे ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयात सिद्ध करायला २०२१ साल उजाडले. १९.२५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड २०२२ मध्ये झाली. उद्या असे काही अरबी समुद्रात झाले, तर डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा मासेमार कुठली वही घेऊन न्यायालयात उभा राहणार?

म्हणून मागणी पाच गोष्टींची आहे.

एक, प्रत्येक प्लॅटफॉर्मवरून किती पाणी, त्यात किती तेल, किती भुगा आणि कोणती रसायने समुद्रात गेली, याचे मासिक आकडे उत्पादनाच्या आकड्यांबरोबरच प्रसिद्ध करा, मराठी आणि गुजरातीतही.

दोन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था यांच्याकडून दर तीन वर्षांनी तळाचा गाळ आणि मासळी तपासून घ्या. खर्च तेल उद्योगाने द्यावा, निकाल लोकांचा असावा. कच्च्या तेलावर १९७४ च्या कायद्याने अधिभार घेतला जातोच. पैसा नाही ही सबब चालणार नाही.

तीन, शोध-विहिरींना पर्यावरणीय अहवाल आणि सुनावणी पुन्हा लागू करण्याचा आग्रह पर्यावरण मंत्रालयाकडे आपणच धरा. सर्वेक्षणाचे वेळापत्रक मच्छीमार सोसायट्यांना आधी द्या, भरपाईचे सूत्र लेखी ठरवा आणि बार सुरू करताना आवाज हळूहळू वाढवण्याची व देवमासा दिसताच थांबण्याची अट पाळली जाते का, हे पाहायला जहाजावर स्वतंत्र निरीक्षक ठेवा.

चार, विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेली आंग्रिया बँक ही प्रवाळांची पाण्याखालची टेकडी कोणत्याही लिलावातून कायमची वगळा. ती १२ सागरी मैलांच्या पलीकडे आहे, राज्याचा हात तिथे पोचत नाही. तिला वाचवणे केंद्राच्याच हाती आहे.

पाच, आयुष्य संपलेल्या प्लॅटफॉर्म आणि वाहिन्यांची यादी, त्यांचे काय करणार याचा आराखडा आणि त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम जाहीर करा. तेल संपल्यावर लोखंड समुद्राच्या माथी मारून निघून जाणे परवडणार नाही.

यातली एकही गोष्ट तेलाचे उत्पादन थांबवत नाही. मुंबई हायला नवी दहा वर्षे मिळाली आहेत. त्यांतला पहिला अहवाल किती पिंपे वाढली याचा नसावा, समुद्र आज कोणत्या स्थितीत आहे याचा असावा. आणि तो सातपाटी, वसई, वर्सोवा, उरण, मुरूडच्या मच्छीमार सोसायट्यांच्या फलकावर मराठीत लागावा. पुढच्या विहिरीला परवानगी देण्याआधी एवढे करा.

कळावे.

आपला नम्र,
अरबी समुद्राची मासळी खाणारा एक नागरिक